स्थळ आणि मनःशांति

मनःशांति ही बाहेर शोधावयाची वस्तु नव्हे, ती आपल्याच अंतःकरणांत असते, हा उपदेश लहानपणापासून आपल्या कानांवर इतक्या वेळां पडलेला असतो कीं, त्याविषयीं शंका घेणें हाच एक उद्धटपणा वाटूं लागतो. या उपदेशांत सत्य नाहीं असें कोण म्हणेल? राजवाड्यांत तळमळणारे जीव आणि झोंपडींत गाढ झोंपणारे जीव जगानें पाहिले आहेत. परंतु हें सत्य बोलतो कोण आणि तें ऐकावें लागतें कोणास, याकडे थोडें लक्ष दिलें तर एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. ज्याला स्वतंत्र खोली आहे, ज्याच्या खिडकींतून वारा येतो आणि दार लावून घेतलें कीं ज्याच्याकडे कोणी फिरकत नाहीं, असा गृहस्थ बहुधा हा उपदेश करीत असतो. आणि ज्याच्या वहीपासून दोन हातांवर स्वयंपाक चालला आहे, धाकटें भावंड रडत आहे व शेजारचा दूरदर्शन संच गर्जत आहे, त्या मुलास तो ऐकावा लागतो. 'मन एकाग्र कर, म्हणजे कांहीं ऐकूं येणार नाहीं,' असें त्यास सांगण्यांत येतें. सांगणें सोपें आहे. परंतु तें न्यायाचें आहे काय?

साधुसंतांचें उदाहरण येथें हटकून पुढें करण्यांत येतें. संसाराच्या धबडग्यांत त्यांचें चित्त स्थिर राहिलें, मग तुमचें कां राहूं नये, असा प्रश्न असतो. पण तुकाराममहाराज देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतांत जाऊन बसत, ही गोष्ट महाराष्ट्रांतील लहान मुलासही ठाऊक आहे. ज्यांनीं मन जिंकलें त्यांनाही जागा निवडावीशी वाटली; मग ज्यांचें मन अद्याप घडावयाचें आहे, त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांनीं जागेचा विचारच करूं नये, हें म्हणणें कितपत शोभतें?

माझें मत असें आहे कीं, ज्या जागेंत आपण दिवसाचे तास घालवितों ती जागा आपलें मन घडवीत असते, मग तें आपल्या ध्यानांत येवो वा न येवो. म्हणून ज्याच्या हातांत ती जागा आहे, तो घराचा कर्ता असो, शाळेचा मुख्याध्यापक असो किंवा कारखान्याचा मालक असो, त्याच्यावर त्या जागेंत वावरणाऱ्यांच्या मनःशांतीचीही कांहीं जबाबदारी येते. ती झटकून टाकण्यासाठीं वेदान्ताचा आधार घेणें मला मान्य नाहीं.

हें केवळ कल्पनेचें बोलणें नव्हे. न्यूयॉर्क शहरांतील मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागांत एक प्राथमिक शाळा आहे. तिच्या एका बाजूस, उंच खांबांवर उभारलेल्या लोहमार्गावरून आगगाड्या जात. सुमारें साडेचार मिनिटांनीं एक गाडी येई आणि तिचा खडखडाट अर्धें मिनिट चाले. तेवढा वेळ त्या बाजूच्या शिक्षकानें बोलणें थांबवावें किंवा ओरडून बोलावें, याखेरीज तिसरा मार्ग नव्हता. दुसऱ्या बाजूचे वर्ग मात्र शांत होते. एकच शाळा, एकच अभ्यासक्रम, एकाच वस्तींतील मुलें. फरक एवढाच कीं, कांहीं मुलें इमारतीच्या या अंगास बसत आणि कांहीं त्या अंगास. १९७५ सालीं आर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी या संशोधकांनीं दोन्ही बाजूंच्या मुलांची वाचनांतील प्रगति ताडून पाहिली, तेव्हां गडबडीच्या बाजूचीं मुलें मागें पडलेलीं आढळलीं. आणि सहाव्या इयत्तेंत तर हें अंतर जवळजवळ एका वर्षाच्या अभ्यासाएवढें झालें होतें.

आपल्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांना त्रैराशिकाची आवड आहे त्यांनीं हिशेब करून पहावा. साडेचार मिनिटांतून अर्धें मिनिट गेलें, म्हणजे नऊ भागांतील एक भाग गेला. पांच तासांच्या शाळेंत तेहतीस मिनिटें गेलीं. परंतु माझ्या मतें खरी हानि या हिशेबांत येतच नाहीं. सतत कोलाहलांत राहणारें मूल आपले कान मिटावयास शिकतें. तें गाडीच्या आवाजाबरोबर गुरुजींचा शब्दही बाहेर ठेवूं लागतें, आणि एकदां जडलेली ही संवय गाडी निघून गेल्यावर लगेच सुटत नाहीं. 'लक्ष नाहीं' म्हणून आपण ज्या मुलास वर्गांत उभें करतों, तें कोठें झोंपतें आणि कोठें बसून वाचतें याची चौकशी आपल्यापैकीं किती शिक्षकांनीं केली असेल, याचा विचार मनांत आला म्हणजे वाईट वाटतें.

त्या शाळेच्या हकीकतीचा शेवट मात्र गोड आहे. रुळांखालीं रबराच्या गाद्या बसविण्यांत आल्या, वर्गांच्या छतांना आवाज शोषून घेणारें अस्तर लावण्यांत आलें, आणि १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणींत दोन्ही बाजूंच्या मुलांतील अंतर नाहींसें झालेलें आढळलें. मुलांना कोणीं एकाग्रतेवर व्याख्यान दिलें नव्हतें. रुळांखालीं रबर घातलें होतें.

जर्मनींतील म्यूनिक शहराचा जुना विमानतळ १९९२ सालीं बंद होऊन दुसरीकडे नवा उघडला, तेव्हांही असाच अनुभव आला. जुन्या तळाजवळच्या मुलांची स्मरणशक्ति व वाचन सुधारलें, आणि नव्या तळाच्या शेजारीं जीं मुलें सांपडलीं त्यांचें बिघडलें. आवाजाप्रमाणेंच दृष्टीचेंही आहे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील एका रुग्णालयांत, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांच्या नोंदी रॉजर उलरिच या अभ्यासकानें तपासल्या आणि १९८४ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. निम्म्यांच्या खिडकींतून झाडें दिसत, निम्म्यांच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें पाहणारे रोगी सुमारें पाऊण दिवस आधीं घरीं गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेंही कमी तीव्र लागलीं. पाऊण दिवस हा कांहीं फार मोठा काळ नव्हे, हें मान्य. परंतु ज्यास टांक्यांची वेदना होत आहे त्यास विचारा.

आतां कामाच्या जागेकडे वळूं. आपल्या मुलांचे आजे-पणजे मुंबईच्या कापडगिरण्यांत राबले, अशीं कुटुंबें महाराष्ट्रांत, विशेषतः कोंकणांत व घाटावर, अगणित आहेत. विणखात्यांत शेंकडों मागांचा एकदम असा आवाज होई कीं, शेजाऱ्याशीं बोलावयाचें तर हातवारे करावे लागत. कोरड्या हवेंत सूत तुटतें, म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवीत व खिडक्या लावून घेत. सूत तुटूं नये याची एवढी चिंता वाहणाऱ्यांनीं मनुष्याविषयीं तेवढी चिंता वाहिली असें म्हणवत नाहीं. पाळी संपवून तो कामगार परत येई तो कोठें? वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथील बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत बांधल्या गेल्या. त्यांतील एक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. कित्येक ठिकाणीं तर एकाच खोलींत दोन पाळ्यांचे लोक आळीपाळीनें झोंपत. अशा मनुष्यास संध्याकाळीं तापट म्हणणें फार सोपें होतें.

तरी याच लोकांनीं रात्रीं भजनाचे फड जमविले, तालमी चालविल्या, गणपतीपुढें नाटकें केलीं. कोणी म्हणेल, पहा, परिस्थिति वाईट असूनही त्यांनीं आनंद मिळविला. मी त्याच गोष्टीचा अर्थ निराळा करितों. जी जागा त्यांना दिली गेली तींत मनास थारा नव्हता, म्हणून त्यांनीं तास दोन तासांपुरती आपली एक वेगळी जागा टाळमृदंगाच्या बळावर उभी केली. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. आज तेथें कांचेच्या उंच इमारती उभ्या आहेत व आंत गारवा आहे. पण तेथील तरुणांच्या मनास विसांवा मिळतो कीं नाहीं, हें संध्याकाळच्या लोकलगाडींत त्यांचे चेहरे पाहून ज्यानें त्यानें ठरवावें.

याच्या उलट उदाहरण पहावयाचें तर सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडीस जावें. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा लोखंडी नांगरांचा कारखाना प्रथम बेळगांवीं होता. तेथील जागा सोडावी लागली तेव्हां औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ त्यांस देऊं केला, आणि १९१० सालीं तेथें वसाहतीस आरंभ झाला. जमीन कसली, निवडुंगाचें रानच तें! सापांचा सुळसुळाट होता. कोणाही व्यवहारी मनुष्यानें आधीं यंत्रें उभीं केलीं असतीं आणि झाडांचा विचार पुढें केव्हां तरी केला असता. लक्ष्मणरावांनीं कारखान्याबरोबरच घरांची, रस्त्यांची व बागेची काळजी वाहिली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनीं पुढें आपल्या इंग्रजी आत्मचरित्रास 'निवडुंग आणि गुलाब' अशा अर्थाचें नांव दिलें, तें उगीच नव्हे. 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' हीं मासिकें महाराष्ट्राच्या घरोघरीं गेलीं, त्यांचा जन्मही या आडवळणाच्या वसाहतींतलाच. जेथें नांगराचे फाळ तयार होत तेथेंच मासिकेंही निघत, असें फार थोड्या ठिकाणीं घडलें असेल.

बाग लावल्यानें भट्टीपुढचा उष्मा कमी होत नाहीं, हें मला कळतें. आणि मालक-कामगारांचे सारे तंटे गुलाबाच्या ताटव्यानें मिटतात, असें समजण्याइतका मी भोळाही नाहीं. परंतु कामावरून बाहेर पडलेल्या मनुष्याच्या दृष्टीस प्रथम काय पडावें, याचा विचार कोणी तरी आपल्यासाठीं केला आहे, हें जाणवणें हीच एक मोठी गोष्ट आहे. मनुष्यास सन्मान तोंडानें सांगितला तर तो विसरतो. जागेनें सांगितला तर दररोज आठवतो.

त्याच औंध संस्थानांत याहूनही धाडसाचा एक प्रयोग १९३९ सालीं झाला. मॉरिस फ्रिडमन नांवाचे एक पोलिश इंजिनियर तेथें आले होते. गुन्हेगारांस भिंतींआड कोंडून सुधारतां येत नाहीं, त्यांस मोकळ्या जागेंत ठेवून पहावें, अशी त्यांची धारणा होती. आणि संस्थानाच्या राजांनीं तिला हात दिला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर या नांवाची वसाहत उभी राहिली. तेथें उंच तट नव्हता. कैद्यांनीं शेती करावी, कुटुंबासह रहावें, आणि पळून जाण्याची सोय असतांनाही पळून जाऊं नये, अशी अपेक्षा! पुढें १९५७ सालीं व्ही. शांताराम यांनीं 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट काढला, त्याची प्रेरणा या प्रयोगांतूनच मिळाली. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे त्याच आटपाडी भागांतले. ज्यांनीं तो चित्रपट पाहिला नसेल त्यांनीं तो वडीलधाऱ्यांबरोबर अवश्य पहावा. तुरुंगाचा तट कैद्यास दररोज सकाळीं एकच गोष्ट सांगतो: तुझ्यावर कोणाचाही विश्वास नाहीं. माळरान निराळें सांगतें. मनुष्य तोच, त्याचा गुन्हा तोच. पण सकाळीं डोळे उघडल्यावर समोर काय आहे यावर त्याचें मन वळण घेऊं लागतें.

यावर एक आक्षेप येईल, व तो योग्य आहे. भिंती स्वच्छ, खिडक्या मोठ्या, बागबगीचा सुंदर, आणि तरी घरांत सुख नाहीं, असें आपण पाहतोंच. याचें कारण असें कीं, परिस्थिति म्हणजे केवळ दगडविटा नव्हेत. त्या जागेंतील माणसें हीही परिस्थितीच आहे. किंबहुना तिचा सर्वांत मोठा भाग तीच आहे. वडिलांच्या जोड्यांचा आवाज जिन्यावर ऐकूं येतांच ज्या घरांतील मुलें एकमेकांकडे पाहून गप्प होतात, त्या घरांत शांतता असते, पण शांति नसते. बाहेरच्या आवाजास मूल कान तरी मिटूं शकतें. घरांतील धाकास कान मिटतां येत नाहींत. कचेरींतील साहेबाचा राग कांहीं पुरुष घरीं घेऊन येतात आणि तो सर्वांत दुबळ्या माणसावर रिकामा करितात. कामाच्या जागेचा दोष अशा रीतीनें दहा कोसांवरील एका मुलाच्या वहींत उतरतो. त्याच्या प्रगतिपुस्तकावर सही करणाऱ्यानें एकदां या बाजूनेंही विचार करावा.

आतां आपल्या घरांविषयीं. मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या आणि शाळा, कचेरी व स्वयंपाकघर हीं तिन्ही एकाच छपराखालीं आलीं. त्या दिवसांत पुष्कळ पालकांना प्रथमच कळून आलें कीं, आवाज व अडथळे यांच्यामध्यें बसून डोकें चालविणें म्हणजे काय. 'मला मीटिंग आहे, कोणी बोलूं नका,' असें घरांतील मोठ्यांनीं दिवसांतून चार वेळां बजाविलें. मुलांना असें कोणास बजावतां येतें? शाळा उघडल्या, कचेऱ्याही उघडल्या, आणि तो अनुभव आम्ही सोयीस्करपणें विसरलों.

शांततेची किंमत काय, हें पाहावयाचें असेल तर पुण्याच्या सदाशिव पेठेंत जावें. स्पर्धापरीक्षांची तयारी करणारे, खेड्यापाड्यांतून आलेले तरुण तेथें दरमहा पैसे मोजून अभ्यासिकेंत एक जागा घेतात. मिळतें काय? एक खुर्ची, एक लहानसें मेज, आणि कोणी बोलणार नाहीं याची हमी. तेथें शिकविणारा कोणी नसतो. शेतकरी बाप ज्या वस्तूसाठीं घाम गाळून पैसे पाठवितो ती वस्तु केवळ शांतता आहे. मग जी वस्तु एवढ्या मोलानें विकत घ्यावी लागते, ती दहाव्या वर्षीं मुलास घरींच कां मिळूं नये?

जागा नाहीं, असें उत्तर मिळेल. आणि एका खोलीच्या घरांत दुसरी खोली कोठून आणावी, हें खरेंच आहे. परंतु जागेची वांटणी होत नसली तरी वेळेची होऊं शकते. संध्याकाळचा एक तास ठरवावा. त्या तासांत दूरदर्शन बंद, मोठ्या आवाजांतलें बोलणें बंद, आणि वडीलमाणसांच्या हातांतला भ्रमणध्वनिही खालीं. ही शेवटची अट जड जाईल याची मला कल्पना आहे. बापानें त्या चकाकत्या कांचेवर बोट फिरवीत 'अभ्यासाकडे लक्ष दे' म्हणावें, आणि मुलानें तें ऐकावें, अशी अपेक्षा करणें हास्यास्पद आहे. पूर्वीं बाजार गांवाच्या मध्यभागीं असे, तेथें जावें लागे. आतां आपण तो खिशांत घालून हिंडतों, आणि रात्रीं उशाशीं घेऊन निजतों. त्या एका तासास पैसा लागत नाहीं, लागते ती थोड्या सुखाची तिलांजलि, आणि ती वडिलांनीं द्यावयाची आहे, मुलांनीं नव्हे.

विद्यार्थिबंधूंनो आणि भगिनींनो, तुम्हांसही एक शब्द सांगावयाचा आहे. जागा दुसऱ्यानें दिलेली असते, पण ती वापरतांना आपण दुसऱ्या कोणासाठीं तरी ती घडवीत असतों. वर्गांतील बाकांवर कर्कटकानें कोरलेलीं नांवें, भिंतीवरचे शाईचे शिंतोडे, तासिका बदलतांना होणारा गलका, हीं सर्व तुमच्या मागून येणाऱ्या एकाद्या भित्र्या, नव्या मुलाची परिस्थिति आहे. तो पहिल्या दिवशीं वर्गांत येऊन चोहोंकडे पाहील आणि येथें आपलें कसें होईल, हें त्या बाकावरून व त्या गलक्यावरून ठरवील.

राहतां राहिला रस्ता. ध्वनिप्रदूषणाविषयींचे सरकारी नियम २००० सालीं झाले. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्याभोंवतीं १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करण्याची त्यांत तरतूद आहे. तशा क्षेत्रासाठीं आवाजाची मर्यादा दिवसा ५० व रात्रीं ४० डेसिबल ठरविलेली आहे, आणि तेथें विनाकारण भोंगा वाजविण्यास मनाई आहे. नियम चांगले आहेत. परंतु आपल्या शाळेच्या फाटकाबाहेर दुपारीं शाळा सुटण्याच्या सुमारास कोणीही दहा मिनिटें उभें राहून पहावें. शेवटची तासिका चालूं असते, गुरुजी कवितेचा शेवटचा भाग समजावून देत असतात, आणि बाहेर मोटारी व दुचाक्या यांचे भोंगे एकमेकांशीं स्पर्धा करीत असतात. रस्त्याकडील वर्गाचीं मुलें खिडकीकडे पाहूं लागतात. हा आवाज करणारे कोणी परके नव्हेत. आपापल्या मुलांस न्यावयास आलेले पालकच ते.

न्यूयॉर्कच्या त्या शाळेंत पालकांनीं आगगाडीविरुद्ध तक्रार केली होती, आणि पुढची सारी चौकशी तेथूनच सुरू झाली. आमच्या फाटकाशीं तक्रार करावयाची ती कोणाविरुद्ध? वाहन चौकापलीकडच्या वडाखालीं उभें करून मुलास चालत बोलावून घेतलें, तर फार तर चार मिनिटें अधिक लागतात.